एकूण एकोणतीस

जरा डोळे मिटा पाहू. सगळ्यांनी नको. ज्याच्या हातात पुस्तक आहे त्याने उघडेच ठेवायचे, नाहीतर पुढचं वाचणार कोण?

आता एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. खोली एक, पण वर्ग दोन. खिडकीकडे तिसरी, दाराकडे चौथी, आणि मधे एवढीशी वाट की दोघं समोरासमोर आले तर एकाने बाकावर चढावं. फळासुद्धा मधोमध रेघ मारून वाटून घेतलेला. तिसरीच्या बाईंना बाळ झालं, त्या रजेवर गेल्या. बदलीवर कुणीतरी येईल, असं मोठे सर म्हणाले होते. ते म्हणाले तेव्हा खिडकीबाहेरचं झाड बोडकं होतं. आता त्याला पानं फुटून त्यांच्यावर धूळही बसली होती, पण बदलीवर येणाऱ्याचा पत्ता नव्हता.

म्हणून दोन्ही वर्ग चौथीच्या बाईंच्या गळ्यात पडले होते. चौथीला गणित घालायचं, तोवर तिसरीकडून कविता म्हणून घ्यायची. तिसरी लिहायला बसली की चौथीची गणितं तपासायची. तिसरी कविता म्हणताना चौथीही सुरात सूर मिसळायची आणि मग गणितं राहायची बाजूला. दुपार झाली की बाईंचा आवाज फाटक्या कागदासारखा यायचा. टेबलावर गरम पाण्याची बाटली असे. घोट घ्यायच्या, घसा खाकरायच्या, पुन्हा सुरू.

बाईंना मुलं आवडत नव्हती असं मात्र समजू नका. मुलं हाच त्यांचा जीव होता. पण आवडत्या माणसांनीसुद्धा थकायला होतं, हे तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. आणि आणखी एक गोष्ट होती. उजव्या कानाने बाईंना हल्ली कमी ऐकू येत होतं. हे त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नीटसं सांगितलं नव्हतं. "मेली पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात," असं म्हणून त्या वेळ मारून नेत.

या वर्गाची एक पद्धत होती. बाहेर जाताना, आत येताना, मधली सुट्टी संपली की, मुंगीने सगळ्यांना मोजायचं. मुंगी ही चौथीची वर्गप्रमुख. अंगाने एवढीशी, पण सदा कुठल्यातरी कामाला निघालेली, म्हणून तिचं नाव मुंगी. ती प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारत ओळीतून जायची. कुणी मान चुकवली तर पुन्हा मागे येऊन मारायची. मग बाई विचारायच्या, "एकूण?" आणि मुंगी ओरडायची, "एकूण सत्तावीस!"

नुसतं 'सत्तावीस' म्हटलेलं बाईंना चालत नसे. "सत्तावीस काय? चमचे की चेंडू? पूर्ण उत्तर दे." म्हणून आधी 'एकूण' आणि मग आकडा.

आता आपल्या भाषेची एक खोडी बघा. 'एकूण' म्हणजे सगळे मिळून. 'एकोण' म्हणजे एकाने कमी. अर्थाने एक पूर्वेला तर एक पश्चिमेला, पण कानाला जुळी भावंडं. एकदा वर्गातल्या तीस मुलांपैकी एक मूल कमी होतं आणि मुंगीला 'एकूण एकोणतीस' म्हणायचं होतं. घाईत ती म्हणाली, "एकोण एकूणतीस!" झालं. सगळा वर्ग बाक बडवून हसला. पुढे कितीतरी दिवस ती दिसली की पोरं चालीवर म्हणायची, "एकोण-एकूण, एकूण-एकोण, सांग गं मुंगे तू आहेस कोण?" चाल चांगली होती, त्यामुळे ती लवकर मरेना.

तेव्हापासून मुंगीने एक युक्ती काढली होती. एकोणतीस मुलं असली की ती 'एकूण' गिळून टाकायची. नुसतं "एकोणतीस" म्हणायची आणि झटकन जागेवर बसायची. बाईंच्या हे लक्षात आलं नव्हतं. दोन वर्गांच्या रगाड्यात कसं येणार?

तर आपल्या गोष्टीच्या दिवशी, कधी नव्हे ते, सगळी मुलं हजर होती. "एकूण तीस!" मुंगीने खणखणीत सांगितलं आणि बाईंचा चेहरा जरा उजळला. तिसरीला 'आपल्यासाठी राबणारे हात' असा धडा होता, आणि शाळेपासून थोडं पुढे असलेल्या पावाच्या भट्टीत मुलांना न्यायचं ठरलं होतं. भट्टीवाल्या काकांना बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

रस्त्याने जाताना सगळ्यांचा एक हात लांब दोरीला. पुढे बाई, मागे मुंगी.

भट्टीत शिरताच मुलांच्या तोंडून "आहा" निघालं. गरम पावाचा वास, भिंतीपर्यंत रचलेले काळे पत्रे, उंबऱ्यापासूनच पायाखाली पिठाची भुकटी. काका लांब दांड्याच्या फळीवर पाव घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभे होते. डोळे लाल.

"हे लाल का झालेत?" तिसरीतल्या एकाने विचारलं.

"तुम्ही झोपता ना, तेव्हा आम्ही पीठ मळतो," काका म्हणाले. "आता तुम्ही गेलात की आम्ही आडवे. मग तोफ डागली तरी उठत नाही."

"खरंच हो," काकू आतून म्हणाल्या. "मी डागून बघितलीय."

एकेकाला भट्टीच्या तोंडाशी नेऊन काका आतला विस्तव दाखवत होते. बाकीच्यांनी भिंतीशी रांगेत थांबायचं. त्या रांगेत डुलक्या होता. तिसरीतला. घरात तान्ही बहीण होती, ती सगळ्यांना जागवायची, आणि डुलक्या ती झोप वर्गात भरून काढायचा. बाई त्याला उठवत नसत. "झोपू दे, शिकेल सावकाश," म्हणत. आता रांग लांब, हवा ऊबदार, आणि मागे पोत्यांच्या खोलीचं दार अर्धं उघडं. तुम्हीच सांगा, त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

निघायची वेळ झाली. काकूंनी टोपलीभर छोटे गोल पाव दिले. "मोजून घातलेत, प्रत्येकाला एक." बाईंच्या हातावर वेगळा एक ठेवला आणि तो तिथेच खायला लावला. बाहेर रस्त्यावर मुलं दोरीला धरून उभी राहिली. एक मालमोटार घरघरत मागे सरकत होती, तिचा माणूस "येऊ दे, येऊ दे" करून ओरडत होता, तिसरीतल्या दोघी टोपली कोण धरणार यावरून भांडत होत्या. मुंगीने टपल्या मारल्या. मग पुन्हा मारल्या. मग धावत पुढे आली, बाईंच्या उजव्या हाताला.

"एकूण?" बाईंनी विचारलं.

"एकोणतीस!" मुंगी म्हणाली.

तुम्ही ऐकलंत ना नीट? बाईंनी नाही ऐकलं. त्यांच्या कानावर पडलं ते 'एकूण तीस'. सकाळी तीस होती, आता तीस आहेत, उत्तरही पद्धतीप्रमाणे. आपण ज्याची वाट बघत असतो ना, कान तेच ऐकतो.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "चला."

मुंगी थबकली. एक कमी, आणि शाब्बास? पण बाई निघाल्यासुद्धा. म्हणजे बाईंना माहीत असणार. कुणाची आई वाटेतून घेऊन गेली असेल. मोठ्यांना सगळं माहीत असतं, असं लहानांना वाटतं. मुंगी मागे जाऊन दोरीला लागली.

डबे खाऊन झाल्यावर बाईंनी पाव वाटायला सांगितले. मुंगीने बाकाबाकावर एकेक ठेवला. टोपलीच्या तळाशी एक उरला.

"कुणाला मिळाला नाही?"

कुणी हात वर केला नाही.

"बाई, तो तुमचा असेल," चौथीतला एक म्हणाला. "नाहीतर मी आहेच."

"तू गप. माझा मी तिथेच खाल्ला." बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर एक दप्तर होतं. त्याच्यावर डोकं टेकून कुणी झोपलं नव्हतं.

बाई त्या बाकापाशी गेल्या.

"डुलक्या कुठाय?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. "आला नव्हता ना?" एक म्हणाली. "आला होता, माझ्या पायावर पाय दिला त्याने," दुसरा म्हणाला. "येताना होता?" "मी नाही बघितला."

"मुंगे! भट्टीपाशी मोजलं होतंस ना तू?"

"हो बाई. एकोणतीस."

"तेच विचारतेय! एकूण तीस होते, मग एक गेला कुठे?"

"एकोणतीसच होते बाई."

"अगं हो, एकूण तीस होते ना?"

"हो बाई. एकोणतीस."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. त्या हसण्याने बाईंचा तोल गेला.

"खोटं बोलू नकोस! स्वतः तीस म्हणालीस. मी माझ्या कानांनी ऐकलं. चूक झाली तर झाली म्हणावं माणसाने. खोटं कशाला बोलायचं?"

मुंगीचं तोंड उघडं राहिलं. ती टोपली टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली.

बाईंनी शिपाईमामांना हाक मारली. "मामा, वर्गावर बसा. सरांना सांगा, मी भट्टीवर गेलेय. एक पोर मागे राहिलंय." आणि चपला सरकवून त्या निघाल्या.

बाईंचे गुडघे जिना उतरतानाही कुरकुरत. आज त्या पळत होत्या. पळत म्हणजे काय, चालण्यापेक्षा जरा जास्त आणि पळण्यापेक्षा बरंच कमी. सकाळी मुलांबरोबर हा रस्ता किती छोटा वाटला होता. दुकानांची दारं अर्धी लोटलेली, सायकल दुरुस्तीवाला चाकात डोकं घालून बसलेला. "बाई, काय झालं?" त्याने विचारलं. बाईंनी नुसता हात हलवला. बोलायला श्वास शिल्लक नव्हता.

डोक्यात मात्र मुंगीचं उत्तर फिरत होतं. काय म्हणाली होती पोरगी? एकूण तीस. पावलागणिक त्या मनात म्हणत होत्या. एकूण तीस. एकूण तीस. दम लागला, तशी त्या ओठांनीच पुटपुटू लागल्या. एकूण तीस, एकोण तीस, एकोणतीस...

बाई रस्त्यात उभ्या राहिल्या.

पुन्हा एकदा म्हणून बघितलं. सावकाश. मग डाव्या कानावर हात ठेवून म्हणून बघितलं. त्या कानाशिवाय दोन्ही सारखंच ऐकू आलं.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि मग उरलेला रस्ता खरोखरच पळाल्या.

भट्टीचं पुढचं दार बंद, कुलूप. बाईंनी कडी वाजवली, दार बडवलं, हाका मारल्या. शेजारची शिंपीण मशीन थांबवून बाहेर आली. "आता कुठे हो? संध्याकाळशिवाय उघडत नाहीत. मागच्या जिन्याने वर जा, घर तिथंच आहे त्यांचं."

काकूंनी दार उघडलं. आतून काकांचं घोरणं ऐकू येत होतं, आणि ते बाईंना दोन्ही कानांनी ऐकू आलं.

"एक मुलगा... खाली..." बाई एवढंच बोलू शकल्या.

काकूंनी पुढचं विचारलं नाही. नवऱ्याच्या उशीखालून किल्ली ओढून काढली. उशी हलली, काका नाही हलले.

आत अंधार आणि ऊब. भट्टीच्या तोंडावर पत्रा लावलेला होता. "बाळा!" बाईंनी हाक मारली. उत्तर नाही. पत्र्यांच्या मागे नाही, मोठ्या परातीआड नाही. आणि मागचं दार, गल्लीत उघडणारं, वीतभर उघडं होतं.

"हे मी लावलं होतं," काकू हळूच म्हणाल्या. "लावलं होतं ना मी?"

बाई त्या दारातून बाहेर धावल्या. गल्ली रिकामी होती. गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता, त्याच्यावरून गाड्या धडधडत चाललेल्या. एवढंसं पोर, झोपेत असलेलं, कुठल्या बाजूला वळेल? बाईंना उजवीकडे जावं की डावीकडे, काही सुचेना. इतकी वर्षं शिकवलं, पण मूल हरवलं तर आधी काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

"बाई! अहो बाई, इकडे या!"

काकू पोत्यांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. आत मैद्याच्या पोत्यांच्या उतरंडीवर, दोन पोत्यांच्या खोबणीत, डुलक्या पालथा झोपला होता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, एक गाल पांढरा. तोंडातून लाळ गळून त्या पिठाचा छोटासा गोळा झाला होता.

बाई खाली जमिनीवरच बसल्या. जीव भांड्यात पडला. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

डुलक्याने डोळे उघडले. "बाई," तो म्हणाला, "विस्तव बघायचा माझा नंबर आला?"

परत येताना त्यांनी त्याचा हात इतका घट्ट धरला होता की तो म्हणाला, "बाई, मी नाही पळत."

शाळेच्या दारात मोठे सर फेऱ्या मारत होते. डुलक्याला बघून त्यांनी मोठा सुस्कारा सोडला, मग बाईंना खोलीत बोलावलं. बाईंनी खुर्चीचा आधार घेतला.

"बसा आधी," सर म्हणाले. "पाणी घ्या. हे बघा बाई, सुटला प्रश्न. मूल सुखरूप आहे. पण गोष्ट गावभर होणार. पालक विचारणार. मी काय म्हणतो, मोजणी कोणी केली होती?"

"मुंगीने."

"मग झालं तर. वर्गप्रमुखाची मोजणी चुकली. लहान मूल आहे, कोण काय म्हणणार तिला? दोन दिवसांत विसरतील लोक."

सर वाईट नव्हते. तेही थकलेलेच होते. दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या, छपराचं काम अडलेलं, आणि आता हे. बाईंना एवढंच म्हणायचं होतं, 'बरं.' एक शब्द. मग वर्गात जाऊन घोटभर पाणी प्यायचं, घंटा व्हायची, घरी जाऊन पाय पसरायचे. आणि खरंच, पोरीने 'एकूण' म्हणायला नको होतं का? पद्धत होती ना? तीही थोडी चुकलीच की.

बाईंनी पेला खाली ठेवला.

"मोजणी बरोबर होती, सर. तिने एकोणतीसच सांगितले. मला ऐकू आलं नाही."

"रस्त्यावर गोंगाट असतो हो."

"गोंगाट होता. पण मला उजव्या कानाने ऐकू येत नाही नीट. बरेच दिवस झाले."

सर चष्मा काढून पुसत म्हणाले, "हे मला सांगायची काय गरज होती तुम्हाला? आता मला ते माहीत झालं ना."

"हो," बाई म्हणाल्या. "आता तुम्हाला माहीत झालं."

"दोन वर्ग तुमच्याकडे ठेवता येणार नाहीत मग. वरून विचारतील. कदाचित बाहेर न्यायलाही..."

"बघा तुम्ही काय ते." बाई उठल्या. गुडघे कटकन वाजले.

शाळा सुटायला थोडा वेळ होता. वर्गात मामा टेबलाशी बसले होते आणि मुलं डुलक्याभोवती गोळा झाली होती. "खरंच आत कोंडलं होतं तुला?" "भूत होतं?" "पीठ खाल्लंस?" डुलक्या उरलेला पाव खात होता. त्याला एवढा मान कधी मिळाला नव्हता, तो टक्क जागा होता.

"बसा खाली," बाई म्हणाल्या. सगळे बसले. मुंगी आपल्या बाकावर होती. मान खाली. बाकाच्या कडेला नखाने रेघ ओढत होती.

बाई फळ्याकडे गेल्या. मधल्या रेघेच्या डाव्या बाजूला 'एकूण तीस' लिहिलं, उजव्या बाजूला 'एकोणतीस'.

"वाचा. सगळ्यांनी."

मुलांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चौथीतला एक म्हणाला, "अरेच्चा!"

"मुंगीने हे सांगितलं," बाईंनी उजवीकडच्या अक्षरांवर खडू टेकला, "आणि मी हे ऐकलं. तिने मोजलेलं बरोबर होतं. चूक माझी होती. आणि वर मी तिला सगळ्यांदेखत खोटारडी म्हटलं. तेही सगळ्यांदेखतच परत घेते. मुंगे, तू खोटं बोलली नव्हतीस. मी चुकले."

बाईंनी वाट बघितली. मुलं वळून मुंगीकडे बघत होती. मुंगीने मान वर केली नाही. रेघ ओढत राहिली.

तुम्हाला वाटत असेल, मोठं माणूस चुकलं म्हणालं की सगळं ठीक होतं. नाही होत, बाळांनो. चुकलो म्हणणं हे दार वाजवण्यासारखं आहे. उघडायचं की नाही, ते आतल्याने ठरवायचं.

घंटा झाली. मुलं पायऱ्यांपाशी रांगेत उभी राहिली. फाटकापलीकडे आया, आजोबा, कुणाच्या आत्या थांबल्या होत्या. डुलक्याची आई तान्हीला खांद्यावर घेऊन होती. बाई आधी तिच्याकडे गेल्या. जे झालं ते सांगितलं, काही न झाकता.

आई ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "झोपला होता?" तिने विचारलं.

"पोत्यांवर."

"चला, कुणाची तरी झोप झाली आमच्या घरात," ती म्हणाली आणि हसली. मग एकदम तिचा चेहरा बदलला. "पुन्हा असं होऊ देऊ नका हो बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली, आणि ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

बाई परत रांगेपाशी आल्या. "मुंगे, मोजतेस?"

मुंगी मोजायला नेहमीसारखी पुढे आली नव्हती, रांगेच्या शेवटीच उभी होती. तिने मान हलवली. नाही.

"बरं," बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतः मोजायला घेतलं. एक, दोन, तीन... बोट हवेत नाचवत. पण मुलं म्हणजे काय धान्याची पोती आहेत, एका जागी राहायला? एकाने चपलेसाठी खाली वाकून डोकं लपवलं. दोघींनी जागा बदलल्या. बाईंचे आकडे एकतीसवर जाऊन थांबले. मुलं खो-खो हसली. पुन्हा मोजलं. या वेळी अठ्ठावीस. पुन्हा मोजायला घेतलं तर आकडे डोळ्यांसमोर तरंगू लागले. बाई पायरीवर बसल्या. फाटकापाशी लोक ताटकळत होते. "थांबा जरा," त्या म्हणाल्या, "थांबा हं."

मुलांचं हसणं हळूहळू विरलं.

तेव्हा रांगेच्या शेवटातून कुणीतरी बाहेर आलं. बारीकसं, कपाळाला आठ्या घातलेलं. मुंगी बाईंसमोर येऊन उभी राहिली. बाईंकडे तिने अजून धड बघितलं नव्हतं.

"असं लांबून नसतं मोजायचं," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

मुंगीने बाईंचा हात धरला आणि दोन्ही हातांनी ओढून त्यांना उभं केलं. तशीच ओढत रांगेच्या तोंडाशी घेऊन गेली. मग बाईंचा पंजा उचलून पहिल्या मुलाच्या डोक्यावर ठेवला, वरून आपल्या हाताने दाबून धरला, आणि म्हणाली,

"एक. म्हणा बाई. मोठ्यांदा."